उगम : अज्ञात

सोनवडीच्या आरोग्य केंद्रात यंत्रं तीन होती आणि माणसं दोन. त्यातल्या डॉक्टर सायमा मुजावर पाच गावं सांभाळत आणि इथं फक्त गुरुवारी येत. उरलेले दिवस कारभार गजानन ओतारींच्या हाती असे. वय बहात्तर, कपडे पांढरे स्वच्छ, खिशाला दोन पेनं. पेन हातात धरायची वेळ आता कुणावरच येत नव्हती, पण पेनांशिवाय आपण कंपाउंडर दिसत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्यांच्या हुद्द्याचं सरकारी नाव होतं ‘वाचक’. तसं पाहिलं तर यंत्र रिपोर्ट स्वतःच बोलून दाखवायचं, तेही शुद्ध मराठीत, आणि नेमकी तीच अडचण होती. ‘आपल्या जठराच्या अस्तरास इजा आढळली आहे’ असं भिंतीतून कुणी बोललं, की सत्तरीच्या म्हाताऱ्यांच्या छातीत धडधड सुरू व्हायची. मग सरकारनं यंत्राचा आवाज बंद केला आणि रिपोर्ट वाचून दाखवायला गावोगावचे जुने कंपाउंडर हुडकून काढले. कै. डॉक्टर मगदूमांच्या दवाखान्यात सदतीस वर्षं पुड्या बांधलेल्या ओतारींपेक्षा लायक माणूस सोनवडीत दुसरा कोण असणार? सगळं गाव त्यांच्या पुडीनं बरं झालेलं होतं. निदान गावाची आणि ओतारींची तशी समजूत होती.

त्या वर्षी केंद्रात ‘साक्षी’ आली. साक्षी म्हणजे शेंगदाण्याएवढी कॅप्सूल. ती गिळायची, वर ग्लासभर पाणी प्यायचं आणि वीस मिनिटं डाव्या कुशीवर पडून राहायचं. तेवढ्यात ती जठरात फिरून, उजेड पाडून, अस्तराचे चार सूक्ष्म कण खुडून वाचून काढायची.

पोटातल्या व्रणाचा, म्हणजे अल्सरचा दोष लोक वर्षानुवर्षं तिखटाला, जागरणाला आणि तापट स्वभावाला देत आले. तिखटानं जखम झोंबते हे खरं, पण जखम सहसा तिखट करत नाही. ती करणारे मुख्य दोघं. जठराच्या आत एक बुळबुळीत चिकट थर असतो. तो नसता तर भाकरी पचवणाऱ्या आम्लानं भाकरीबरोबर जठरही पचवून टाकलं असतं. एक नागमोडी जंतू या थरात बीळ करून राहतो. तो बहुधा लहानपणी, घरातल्याच माणसाकडून, एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडात जातो. दुसरी वेदनाशामक गोळी. गुडघ्यातली कळ थांबवताना ती त्याच झटक्यात हा थर तयार करण्याचं कामही थांबवते. तिला कळ आणि थर यांतला फरक कळत नाही.

पूर्वी जखम दिसली तरी ती दोघांपैकी कुणी केली आणि कधीपासून, हे सांगणं कठीण असायचं, कारण अस्तराच्या पेशी चार-सहा दिवसांत झडून नव्या येतात. पण त्यांना जन्म देणाऱ्या मूळ पेशी खोल तळाशी वर्षानुवर्षं टिकतात आणि झालेल्या प्रत्येक माऱ्याची रासायनिक खूण त्यांच्या डीएनएवर राहते, हे दहाएक वर्षांपूर्वी उघडकीला आलं. जंतूची खूण वेगळी, गोळीची वेगळी, पोट सांभाळणाऱ्या औषधाची वेगळी. झाडाच्या बुंध्यातली वलयं मोजावीत तशी साक्षी या खुणा मोजायची.

रिपोर्टच्या तळाशी एक रकाना होता, ‘उगम’. तो यंत्राला भरता येत नसे. औषध कुणी दिलं, कुठून आणलं, हे वाचकानं विचारून लिहायचं. तिथं एखादं नाव पडलं, की त्या हातचं औषध घेतलेल्या प्रत्येकाला आपोआप बोलावणं जायचं आणि रक्तस्राव होण्याआधीच त्यांचं पोट तपासलं जायचं. रकान्याची सगळी उपयुक्तता एवढ्यातच होती.

श्रावणातल्या एका सकाळी आनंदा खोत ओतारींच्या समोरच्या खुर्चीत येऊन बसला. एकेकाळचा पैलवान, आता पंच्याहत्तरीचा, पण खुर्ची अजून कुरकुरायची.

“काय म्हंतीया तुमची साक्षी, कंपाउंडर?”

ओतारींनी पडद्यावर बघितलं. जंतू : नाही, कधीच नव्हता. वेदनाशामक : एकवीस वर्षं, जवळजवळ रोज. संरक्षक औषध : खूण नाही. व्रण : दोन.

“पोटात दोन जखमा आहेत, आनंदा. अंगदुखीच्या गोळ्यांनी झाल्यात. घाबरायचं कारण नाही, भरून येतील.”

“गोळी?” खोत हसला. “गोळी मी उभ्या जन्मात गिळली न्हाई. माझ्या नरड्याखाली उतरतच न्हाई ती. दवाखाना मागल्या साली मिटंपर्यंत मी तुमच्या पुडीवर दिवस काढलं. लई गुण हुता तुमच्या हाताला!”

ओतारींना नेहमीप्रमाणे बरं वाटलं, पण या वेळी ते टिकलं नाही. पडद्यावरची ती एक ओळ त्यांना खुपू लागली. संरक्षक औषध : खूण नाही. असं कसं? डॉक्टर मगदूमांचा नियमच होता की पन्नाशीपुढच्या माणसाला वेदनेचं औषध दिलं की जोडीला पोटाची कॅप्सूल द्यायचीच. आणि ओतारींनी ती दिली होती, प्रत्येक पुडीत, स्वतःच्या हातानं. यंत्रच चुकतंय, असं त्यांनी ठरवलं. उगमाच्या रकान्यात ‘अज्ञात’ असं घालून त्यांनी खोताला वाटेला लावलं.

पण श्रावण संपत आला तोवर तसे अकरा रिपोर्ट आले.

गुरुवारी डॉक्टर मुजावर आल्या त्या टॅबवर जिल्ह्याचा नकाशा उघडूनच. एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “ओतारीकाका, हे बघा. आपली सोनवडी. आजूबाजूच्या कुठल्याच गावात इतकी पोटं बिघडलेली नाहीत. अकराच्या अकरा जणांना वेदनाशामक, आणि संरक्षक एकालाही नाही. मी मगदूम डॉक्टरांच्या जुन्या नोंदी काढल्या. त्यात तर कॅप्सूल लिहिलेली आहे. मग लिहायचे आणि द्यायचे नाहीत की काय?”

“छे, छे! साहेब देवमाणूस होते.” ओतारींनी पाण्याचा घोट घेतला. “मॅडम, एक विचारू? औषध दिलेलं असूनही खूण उठली नाही, असं होऊ शकतं?”

“होऊ शकतं की. कुटलं तर.”

“म्हणजे?”

“त्या कॅप्सूलमध्ये साबुदाण्याहून बारीक दाणे असतात ना, त्यांच्यावर एक लेप असतो. ते औषध आम्लात टिकत नाही. लेपाच्या आडून ते जठर पार करतं, पुढं आतड्यात विरघळतं आणि मग रक्तातून उलटं जठराच्या कामी येतं. दाणे चिरडले की लेप गेला. पोटात पडल्या पडल्या आम्ल त्याला खाऊन टाकतं. दिलं काय आणि न दिलं काय, सारखंच.” डॉक्टर हसल्या. “पण काका, कॅप्सूल फोडून कुटत कोण बसेल?”

ओतारींच्या कानात पांढऱ्या चिनी मातीच्या खलात बत्ता फिरल्याचा आवाज येत होता.

सदतीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. निम्म्या गावाला गोळी गिळता येत नसे आणि उरलेल्या निम्म्याचा गोळीवर विश्वास नसे. औषध म्हणजे पुडी, आणि पुडी म्हणजे पूड. पांढरी गोळी, पिवळी गोळी आणि पुढं कॅप्सूल आली तेव्हा ती फोडून तिच्यातले दाणे, सगळं खलात टाकायचं आणि पिठासारखं होईपर्यंत घोटायचं. चिमटीत घेतलं तर कण लागता कामा नये, हा ओतारींचा दिमाख होता. ‘पुडी खावी ओतारीची’ असं बाजारच्या दिवशी शेजारच्या गावांतले लोकही म्हणत.

आणि डॉक्टर मगदूमांनी त्यांना सांगितलं होतं. हेच सगळ्यात वाईट होतं. एकदा, तपासणीच्या खोलीतून डोकं बाहेर काढून ते म्हणाले होते, “गजानन, ही नवी कॅप्सूल फोडायची नाही बरं का. अख्खी गिळायला सांग.” ओतारी “हो साहेब” म्हणाले होते आणि आठवडाभर त्यांनी कॅप्सूल वेगळी दिलीही होती. पण लोक ती तशीच बाकावर ठेवून जात, नाहीतर रस्त्यात टाकून देत. पोटात गेल्यावर सगळं एकच होतं, असा विचार करून त्यांनी ती पुन्हा खलात टाकली. साहेबांना सांगितलं नाही. साहेबांनी परत विचारलं नाही, कारण त्यांचा गजाननवर विश्वास होता.

“काय झालं काका? घाम आलाय तुम्हाला.”

“काही नाही. उकडतंय.”

“मला वाटतं, मगदूम डॉक्टरांकडेच बोट जातंय. खात्री होईपर्यंत बोलायला नको. पण उगम सापडला ना, तर निदान तीन-चारशे लोकांना वेळेत बोलावता येईल.”

ओतारींनी मान डोलावली. बोलायची वेळ हीच होती, हे त्यांना कळत होतं. डॉक्टरांनी टॅब बंद केला, पुढच्या पेशंटला हाक मारली, आणि वेळ गेली.

घरी बायको ओट्याशी उभी होती. रत्नमाला, वय अडुसष्ट, दोन्ही गुडघ्यांनी अधू आणि जिभेनं खणखणीत. कट्ट्यावर नात बसली होती, साडेतीन वर्षांची ओवी. लेक पद्मजा दोन गल्ल्या पलीकडं राहायची आणि कामावर जाताना पोरीला आजीकडं सोडून जायची. ओवी दुसऱ्या कुणाच्या हातचं जेवत नसे. रत्नमाला भाकरीचा तुकडा स्वतः चावून मऊ करायची आणि तिच्या तोंडात द्यायची. आरोग्य केंद्रात ‘आपल्या तोंडचा घास बाळाला भरवू नका, जंतू पसरतो’ अशी पाटी ओतारींनी स्वतः लावली होती आणि घरी येऊन तसं सांगितलंही होतं. तेव्हा ‘तुमच्या लेकीला मी असंच वाढवलंय, तिला काय धाड भरलीय?’ असं उत्तर मिळालं होतं.

ओट्याच्या कोपऱ्यात खल होता. मागल्या वर्षी डॉक्टर गेले आणि दवाखाना बंद झाला तेव्हा त्यांच्या पत्नीनं, मगदूमबाईंनी, आठवण म्हणून दिलेला. आणि त्याच खलात ओतारी, आधी दवाखान्यात आणि आता घरी, गेली अकरा वर्षं रोज बायकोच्या गुडघ्यांची पुडी घोटत आले होते. लग्नानंतर त्यांनी बायकोला कधी गजरा आणला नाही की सिनेमाला नेलं नाही. त्यांचं जे काही प्रेम होतं ते त्या पुडीत होतं, आणि तिलाही ते ठाऊक होतं. चहाच्या आधी, उपाशीपोटी, कोमट पाण्याबरोबर ती पुडी घ्यायची आणि म्हणायची, “झालं. आता दिवस ढकलता येईल.”

“रत्ना,” ते म्हणाले, “उद्यापासून पुडी बंद.”

“का वो?”

“गोळ्या येत नाहीत बाजारात.” तोंडाला आलं ते त्यांनी बोलून टाकलं.

रत्नमालानं मान हलवली आणि ओट्याला धरून खाली बसली. तिचा चेहरा पांढराफटक दिसत होता. खोदून खोदून विचारल्यावर तिनं सांगितलं, की आठ दिवस चक्कर येतेय आणि शौचाला डांबरासारखं काळं होतंय. लोखंडी कढईतली भाजी खाल्ल्यानं असेल म्हणून ती बोलली नव्हती. काळं म्हणजे आतलं रक्त, हे ओतारी रोज दहा जणांना समजावून सांगत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला केंद्रात नेलं आणि साक्षी दिली. डाव्या कुशीवर पडल्या पडल्या ती म्हणाली, “पोटातलं सगळं सांगती म्हणं ही गोळी. तुमच्या पुड्या मोजंल बघा!”

रिपोर्ट आला. जंतू : नाही, कधीच नव्हता. वेदनाशामक : अकरा वर्षं, रोज. संरक्षक औषध : खूण नाही. व्रण : एक, खोल.

अकरा वर्षं, रोज. एकही दिवस चुकला नव्हता. ओतारी त्या ओळीकडं बघत राहिले. बायकोच्या पोटात त्यांचं सगळं प्रेम तारखेवार लिहून ठेवलेलं होतं.

“काय आलं?” ती उठून बसली होती. पडदा त्यांच्या बाजूला होता.

“जंतू,” ओतारी म्हणाले.

तिथं एवढं एकच खोटं ते बोलले. बाकी सगळं बरोबर केलं. आम्ल कमी करणारी कॅप्सूल दिली आणि ती अख्खी गिळायला सांगितली. व्रण कशानंही झाला असला तरी याच औषधानं तो भरून येणार होता, पुडी तर बंदच झाली होती, मग बायकोचं नुकसान काय? असा हिशोब त्यांनी मनाशी घातला. पोटात गेल्यावर सगळं एकच होतं, या हिशोबाचाच हा धाकटा भाऊ होता, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही. आणि उगमात त्यांनी ‘अज्ञात’ घातलं.

घरी आल्यावर रत्नमाला म्हणाली, “जंतू म्हणजे त्या पाटीवरला?”

“हो.”

“लहानपणी आलेला?”

“तसाच येतो बहुधा.”

“मग माझ्या आईनंच दिला. ती चावून भरवायची मला. आणि मी ओवीला दिला.”

“अगं, तसं काही नसतं. दिलाच असेल असं नाही—”

“तुमीच पाटी लावली न्हवं? आणि मीच ऐकलं न्हाई.”

त्या दिवसापासून रत्नमालानं आपलं ताट, वाटी, तांब्या वेगळा केला. ओवी आली की ती आतल्या खोलीत जाऊन बसायची. पोरगी दाराशी उभी राहून “आजी, घास” म्हणायची आणि आतून आवाज यायचा, “आईकडं जा, सोन्या. आजीला बरं न्हाई.” ओवी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी पद्मजा चिडली. “आई, तुला मुलगी सांभाळायची नसेल तर तसं स्पष्ट सांग ना.” रत्नमालानं काहीच सांगितलं नाही. नातीला आपण रोग दिला, हे लेकीला कुठल्या तोंडानं सांगणार? पद्मजानं पोरीला पाळणाघरात घातलं आणि येणं कमी केलं.

हे सगळं ओतारींच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. एका वाक्यानं ते थांबलं असतं. रोज सकाळी ते ते वाक्य मनात जुळवायचे आणि रोज सकाळी पायात चपला घालून केंद्रावर निघून जायचे. तिथं एकेक करून आणखी सहा जण तसेच निघाले. सगळ्यांच्या पोटात त्यांचंच हस्ताक्षर, आणि ते वाचून दाखवायला तेच. “कंपाउंडर, तुमी हाय म्हणून धीर हाय,” असं म्हणून लोक त्यांच्या पाया पडायचे. पुढं पुढं त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घ्यायला सुरुवात केली. गावात मात्र कुजबुज सुरू झाली होती, की मगदूम डॉक्टरांनी हलक्या गोळ्या वापरल्या म्हणे. मगदूमबाई देवळात यायच्या बंद झाल्या. ओतारींना तेही कळलं, आणि तेही त्यांनी गिळलं.

सहा आठवडे असे गेले. दसऱ्याच्या आधी दोन दिवस, सकाळी, अंगणात घागर पडल्याचा आवाज आला. ओतारी धावले. रत्नमाला तुळशीजवळ आडवी पडली होती आणि तिला उलटी झाली होती, कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट. पद्मजाला फोन गेला, गाडी आली आणि अर्ध्या तासात तिला तालुक्याच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी दुर्बीण आत घातली. फुटलेल्या रक्तवाहिनीला चिमटा लावला, रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. अजून तासभर उशीर झाला असता तर कठीण होतं, असं तिथला डॉक्टर म्हणाला आणि कपाळाला आठ्या घालून त्यानं विचारलं, “वेदनाशामक घेतात का या? अजून?”

“नाही,” ओतारी म्हणाले. “सहा आठवडे झाले, बंद आहे.”

पद्मजानं हातातली पिशवी उघडली. घाईघाईत आईचं लुगडं घेताना तिला फडताळात एक डबा सापडला होता, राजगिऱ्याच्या लाडवांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात पुड्या होत्या. पांढऱ्या कागदाच्या, कोपरे नीट दुमडलेल्या, ओतारींच्या हातच्या. नवरा गावाला गेला तर अडायला नको म्हणून रत्नमालानं वर्षानुवर्षं एकेक साठवलेल्या.

ती शुद्धीवर आली तेव्हा ओतारी पलंगाशी स्टुलावर बसले होते. तिनं डब्याकडं बघितलं आणि ओशाळून हसली. “गुडघं लई दुखायचं वो. म्हटलं, जंतूचं औषध चालूच हाय. पुडीचा त्याच्याशी काय संबंध?”

तेव्हा ओतारी बोलले. सगळं बोलले. जंतू नव्हता, कधीच नव्हता. गोळी होती. खल होता. मगदूम साहेबांनी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. तुला माझ्या हातानं झालंय, आनंदाला झालंय, अठरा जणांना झालंय, आणि अजून कितीजणांना झालं असेल मला माहीत नाही. बोलता बोलता त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि खिशातली दोन पेनं स्टुलाखाली पडली. पद्मजा भिंतीशी उभी होती. तिनं ती उचलली नाहीत.

रत्नमाला छताकडं बघत होती. तिनं विचारलं, “म्हणजे ओवीला काही झालं न्हाई?”

“नाही.”

“माझ्या आईनं मला काही दिलं न्हाई?”

“नाही, रत्ना.”

“सहा आठवडं.” तिनं मान वळवली. “पुडी तुमी चांगल्यासाठी दिली. न कळून दिली. ते मी कधीतरी पोटात घालीन. पण सहा आठवडं ती पोर दाराशी रडत हुती आणि मी आत बसून तोंडात पदर कोंबत हुते. ते तुमाला दिसत हुतं की वो. ते तर कळून केलं तुमी.”

त्याच संध्याकाळी ओतारी केंद्रावर गेले आणि अठराच्या अठरा रिपोर्ट उघडून ‘अज्ञात’ खोडलं. मग डॉक्टर मुजावरांना फोन लावून तेच सगळं दुसऱ्यांदा सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, “काका, हे तुम्ही त्या गुरुवारी सांगायला हवं होतं. वर चौकशी होईल, आणि कदाचित तुम्हाला ही खुर्ची सोडावी लागेल.” मग त्या म्हणाल्या, “पण बोलावणी आजच गेलीत. चारशे नऊ. नवा वाचक येईपर्यंत लोकांना कोण वाचून दाखवणार? सोमवारी मीही येते. माझ्यासमोर वाचा.”

जाता जाता ते मगदूमबाईंच्या दाराशी थांबले. बाईंनी ऐकून घेतलं आणि दार लावलं. आत या म्हणाल्या नाहीत.

सोमवारी केंद्राच्या पडवीत बसायला जागा नव्हती. बोलावणं सगळ्यांना गेलं होतं, पण कशासाठी ते कुणालाच नीट कळलं नव्हतं. टेबलावर खल ठेवलेला होता. तो ओतारींनीच घरून आणून ठेवला होता, कुणी विचारलं तर दाखवायला. डॉक्टर मुजावर बाजूला बसल्या होत्या. पहिलं नाव आनंदा खोताचं होतं. पण तो उठायच्या आत गर्दी बाजूला झाली आणि पद्मजाच्या खांद्यावर हात ठेवून रत्नमाला आत आली. अशक्त दिसत होती. दुसऱ्या हाताचं बोट ओवीनं धरलेलं होतं. घरून निघताना रत्नमाला येणार आहे हे ओतारींना माहीत नव्हतं. इस्पितळातून आल्यापासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती.

ती समोरच्या खुर्चीत बसली. ओवीला मांडीवर घेतलं.

“माझा रिपोर्ट वाचा,” ती म्हणाली. “मागल्या वेळचा.”

“रत्ना, तुला तर आता—”

“जसा लिहिलाय तसा वाचा.”

ओतारींनी डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टर पडद्याकडं पाहत होत्या.

“जंतू नाही. कधीच नव्हता,” ओतारी वाचू लागले. “वेदनाशामकाची खूण अकरा वर्षं, रोज. संरक्षक औषधाची खूण नाही. व्रण एक, खोल. उगम...”

“मोठ्यानं. मागं ऐकू जात न्हाई.”

त्यांनी आवाज चढवला. “उगम : गजानन शंकर ओतारी, कंपाउंडर.”

पडवीत मागं कुणीतरी शेजारच्याला विचारलं, “कुणाचं नाव घेतलं?” आणि त्याला कुणी सांगितलं नाही.

“आता उपाय सांगा,” रत्नमाला म्हणाली.

“पुडी कायमची बंद. सकाळी खाण्याआधी अर्धा तास पोटाची कॅप्सूल. अख्खी गिळायची. फोडायची नाही, कुटायची नाही. दोन-तीन महिन्यांत जखम भरून येते.”

“बरं.”

ती उठली. घरी जाईल असं ओतारींना वाटलं, पण ती टेबलाशेजारच्या बाकावर जाऊन बसली, पिशवीतून जेवणाचा डबा काढला आणि ओवीच्या हातात भाकरीचा तुकडा दिला. मग रांगेकडं वळून म्हणाली, “या आनंदाभावजी. आता तुमचं नीट वाचून घ्या.”

आनंदा खोत खुर्चीत बसला. खुर्ची कुरकुरली. ओतारींनी त्याचा रिपोर्ट उघडला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.